नेरूळच्या फ्लॅटचं फॉल्स सिलिंग, कामाच्या नोंदी, मे-जून २०२५

४ मे, रविवार

वायरिंग बदलायचं ठरल्यापासून आईबाबांच्या घरी रोज सिलिंगचा विषय निघतोय. जुन्या पाइपांतून नवीन वायर सरकत नाही आणि स्लॅब खोदून नवे पाइप टाकायला मी देणार नाही, त्यामुळे हॉल आणि पॅसेजला सपाट जिप्समचं सिलिंग करायचं आणि वायरिंग त्याच्या वरून न्यायचं असं ठरलं. डिझाइन काही नाही, लेव्हल नाही, कोव्ह (लपवलेल्या दिव्यांची खाच) नाही. सिडकोची जुनी बिल्डिंग आहे, फरशीपासून स्लॅब ८ फूट १० इंच, त्यातले पाच इंच गेले तर ८ फूट ५ इंच उरतात, याच्यापेक्षा जास्त खाली उतरणं परवडणारच नाही. स्वयंपाकघर वगळलंय, गॅसचा पाइप उघडाच राहिला पाहिजे.

तीन कोटेशनं आली, ७८ रुपये स्क्वेअर फुटापासून ११५ पर्यंत. पहिल्या दोघांनी मोबाइलवर भरपूर फोटो दाखवले, प्रोफाइल लाइट इथे, कोव्ह तिथे, पण मान वर करून स्लॅब कसा आहे ते कोणी बघितलं नाही. मी विचारलं, हे सगळं लटकणार कशाला आणि किती किती अंतरावर? ७८ वाले म्हणाले, "ताई, पडणार नाही, गॅरंटी आपली." तिसरे वयाने मोठे आहेत, स्वतः कामावर उभे राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी घडाघडा सांगितलं, इंटरमीडिएट चॅनल (स्लॅबला टांगलेल्या मुख्य पत्र्याच्या पट्ट्या) चार फुटांवर, सिलिंग सेक्शन (त्यांच्याखालच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना बोर्ड लागतो) दीड फुटावर, स्क्रू नऊ इंचांवर. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हेच आकडे आहेत, १२२० मिमी, ४५७ मिमी आणि २३० मिमी. काम मामांना.

७ मे, बुधवार

आज फक्त ठोकून बघायचं काम. मामा घोडीवर चढले आणि छोट्या हातोडीने अख्ख्या हॉलचा स्लॅब एकेक फुटावर वाजवत गेले. जिथे आवाज खणखणीत तिथे काही नाही, जिथे भदभद तिथे खडूने गोल. खिडकीकडून पंख्यापर्यंत सगळं ठणठणीत, पण पॅसेजच्या तोंडाशी, वरच्या बाथरूमच्या भिंतीखाली, सलग दोन फूट रुंदीचा पट्टा पोकळ वाजला. तिथे रंगाखाली एक सरळ चीर आहे, ती आम्ही इतकी वर्षं प्लास्टरची चीर समजत होतो, पण ती सळईच्याच रेषेत जाते. मामांनी छिन्नी लावली तर तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला. उलटा करून बघितला, आतल्या बाजूला सळईचा तांबूस ठसा जसाच्या तसा उमटलेला, तिच्या पिळाच्या रेघांसकट.

सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खालच्या काँक्रीटला आतून ढकलत राहतो, मग ते काँक्रीट एक दिवस सुटतं. आता अशा जागी कोणी फास्टनर (स्लॅबच्या भोकात फुगून पकडणारा बोल्ट, सिलिंग त्यालाच टांगतात) मारला असता तर तो बसलाही असता, घट्टही वाटला असता, पण बसला असता सुटलेल्या पोपड्यात. वरून पुट्टी, पेंट, लाइट, सगळं झाकलेलं. जुन्या बिल्डिंगमध्ये सिलिंग करणाऱ्या प्रत्येकाने आधी हातोडी फिरवून घ्या हो, अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याला कोणी पैसेही मागत नाही.

सोसायटीच्या कमिटीला फोटो पाठवले. स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून जातील मगच पुढचं.

१० मे, शनिवार

इंजिनिअर येऊन गेले. सळईचा गंज वरवरचा आहे, जाडी फारशी कमी झालेली नाही, त्यामुळे नवीन सळई जोडायची गरज नाही म्हणाले. पोकळ काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, गंजरोधक कोट, मग बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर थराथराने, आणि पाणी मारून क्युरिंग. वरच्या काकूंनी त्यांच्या बाथरूमची नहाणी बंद करून पाणी भरून ठेवू दिलं, संध्याकाळपर्यंत खाली ओल दिसली, म्हणजे ट्रॅपचा, नहाणीखालच्या वाकड्या पाइपाचा, जॉइंट गळत होता. त्यांनी कुरकुर न करता प्लंबर बोलावला, त्यांचे खरंच आभार, कारण वरचं गळणं थांबल्याशिवाय खालचं काहीही करण्यात अर्थ नव्हता.

मधल्या वेळात बोर्ड ठरवला. साधा जिप्सम बोर्ड १२.५ मिमी, ६ बाय ४ ची शीट, हॉलसाठी. पॅसेजला ओलाव्याला टिकणारा हिरवा बोर्ड, कारण शेजारी बाथरूम. हे मात्र लक्षात ठेवायचं की हिरवा बोर्ड दमट हवा सहन करतो, गळती नाही. वरून पाणी टपकत राहिलं तर तोही फुगणार. गुलाबी बोर्ड आगीसाठी असतो, तो आम्ही घेत नाही, जिप्सममध्ये तसंही वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं, आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ मिळतो.

बाबांचं म्हणणं होतं की पीओपीच करा, पूर्वी तेच करायचे. पीओपी मला वाईट वाटत नाही, हाताने गोलाई काढायची असेल तर चांगलंच, पण ते ओलं काम आहे, घरभर चिखल, वाळायला वेळ, आणि जाडी कारागिराच्या हातावर. सपाट सिलिंगला बोर्ड बरा.

एकाने स्वस्तात पातळ शीट सुचवली होती, साडेनऊ मिमीची. नको. अमेरिकेतल्या आतेभावाशी बोलणं झालं तर तो म्हणाला तिकडे सिलिंगला १६ मिमी लावतात, तुम्ही साडेबारा कसं काय घेता? त्याचं बरोबर आहे, पण त्यांच्याकडे लाकडी वासे १६ किंवा २४ इंचांवर असतात, २४ वर साधा अर्ध्या इंचाचा बोर्ड मधे झोळ खातो, म्हणून तिथे एकतर ५/८ इंची नाहीतर झोळ न खाणारा खास अर्धा इंची घेतात. आपल्याकडे सेक्शन १८ इंचांवर असला की साडेबारा पुरतो. म्हणजे जाडी आणि आधाराचं अंतर ही जोडी आहे, एक एकटं ठरवता येतच नाही. १८ इंचांचे २४ करून सेक्शन वाचवणारा ठेकेदार तुमचा बोर्ड पातळ करून देतोय असंच समजा.

१५ मे, गुरुवार

माल आला, कोपरखैरण्याच्या डीलरकडून. जाडी मोजायचा व्हर्निअर घेऊन बसले होते. सिलिंग सेक्शन आणि पेरिमीटर (भिंतीलगतचा चॅनल) ०.५५ मिमी, इंटरमीडिएट ०.९ मिमी, हे असायला पाहिजे आणि तसं निघालं. सेक्शनच्या एका गठ्ठ्यावर मात्र कंपनीचा शिक्का नव्हता आणि जाडी ०.४ च्या आसपास भरली, बोटाने दाबला तरी लवत होता. तो गठ्ठा परत पाठवला, डीलरने वाद न घालता बदलून दिला.

शीट उभ्या टेकवून ठेवायला पोरं निघाली होती, थांबवलं. भिंतीला टेकवून ठेवलेली शीट दमट हवेत आठवड्यात वाकते. फरशीवर लाकडी पट्ट्या दोन-दोन फुटांवर टाकून त्यावर आडव्या रचल्या, वर प्लॅस्टिक. उचलताना मात्र उभी, कडेवर, दोघांनी, एक शीट वीसएक किलोची असते.

पॅसेजची दुरुस्ती झाली, क्युरिंग चालू आहे.

१८ मे, रविवार

रविवारी ड्रिल बंद, म्हणून आखणी. लेझरने चारी भिंतींवर लाइन मारली. जमिनीवर खडूने अख्खं सिलिंग काढलं, लाइट कुठे, पंखा कुठे, इंटरमीडिएटच्या लाइनी, सेक्शनच्या लाइनी. लाइटचं भोक सेक्शनवर येत असेल तर लाइट चार इंच सरकवायचा, सेक्शन कापायचा नाही. इलेक्ट्रिशियनला हे समोर उभं करून दाखवलं, कारण नंतर होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) त्याच्या हातात असतो आणि तेव्हा मामा घरी गेलेले असतात.

पंखा सिलिंगला नाही, स्लॅबलाच. जुना हुक घासून बघितला, सळई शाबूत आहे. नवीन लांब रॉड घेतोय, बोर्डातून जिथे आरपार जाईल तिथे भोक रॉडपेक्षा मोठं ठेवायचं, रॉड बोर्डाला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर पंख्याची थरथर बोर्डात उतरते आणि सहा महिन्यांत जॉइंटला केसासारखी चीर. पाती सिलिंगच्या एक फूट खाली आली तरी जमिनीपासून सात फुटांच्या वर राहतात.

२० मे, मंगळवार

लटकवण्याचं काम, म्हणून आजची नोंद मोठी.

आधी हिशोब. हॉल १६ बाय १०, म्हणजे जवळपास १५ चौरस मीटर. बोर्ड चौरस मीटरला साडेआठ-नऊ किलो, वर चॅनल, सेक्शन, स्क्रू, कंपाउंड, सगळं मिळून दीडशे किलोच्या वर. इंटरमीडिएट चार फुटांवर आणि त्याला स्लॅबला टांगणारे उभे अँगलही चार फुटांवर, म्हणजे एका अँगलकडे दीड चौरस मीटर येतं, पंधरा-सतरा किलो. ऐकायला काहीच नाही. चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसलेल्या स्टीलच्या एक्स्पान्शन फास्टनरला हे वजन जाणवतही नाही. पण चांगलं काँक्रीट आणि नीट बसलेला, दोन्ही पाहिजे, आणि गोंधळ होतो तो इथेच.

आमच्या स्लॅबला खालून वीसएक मिमी प्लास्टर आहे. नेहमीचा फास्टनर ३५ मिमी लांब. सरळ मारला तर अर्ध्याहून जास्त प्लास्टरमध्येच संपतो, काँक्रीटला जेमतेम टोक लागतं. मामांनी जास्त लांबीचे फास्टनर आणले आणि प्रत्येक भोकाला ड्रिलचा भुगा बघत होते. आधी पांढुरका मऊ भुगा पडतो, ते प्लास्टर, मग मशीनचा आवाज बदलतो आणि करडा, खरखरीत, बारीक खडीचे कण असलेला भुगा पडायला लागतो, तिथून पुढची खोली मोजायची. भोक फुंकून साफ करायचं, भुगा आत राहिला तर फास्टनर फुगतो पण पकडत नाही. सळई लागली तर भोक दोन इंच बाजूला, तिथेच जोर करायचा नाही. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डच्या भिंतीपर्यंत जुना पाइप स्लॅबमधून गेलाय, ती सरळ रेष खडूने आधीच काढून ठेवली होती, तिच्या आजूबाजूला एकही भोक नाही.

एका कारागिराने दोन ठिकाणी लाकडी गुल्ली ठोकून स्क्रू मारायचा प्रयत्न केला, पटकन होतं म्हणून. मामांनी स्वतः वर चढून काढायला लावली. लाकूड सुकतं, आक्रसतं, आणि वर टांगलेला स्क्रू सरळ खाली सरकायला मोकळा. भिंतीवर कॅलेंडर लावायला गुल्ली ठीक आहे, डोक्यावर टांगायला नाही. तसंच जीआय वायरने चॅनल बांधणं. वायर लेव्हल धरत नाही आणि धक्का बसला की अख्खं सिलिंग झुलतं, म्हणून कडक अँगलच, २५ बाय १० चा, क्लीटला (स्लॅबला फास्टनरने बसवलेल्या छोट्या तुकड्याला) नट-बोल्टने.

दुरुस्त केलेल्या दोन फुटी पट्ट्यात एकही फास्टनर नाही. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे खणखणीत जागी अँगल घेतले आणि इंटरमीडिएट त्या पट्ट्याखालून नुसता पार जातो, अंतर चार फुटांच्या आतच राहिलं. तिथे पॅसेजच्या बाजूला १८ इंचांचा ट्रॅपडोअर ठेवायला सांगितलंय, वर्षातून एकदा टॉर्च मारून ओल आहे का बघता येईल.

जे दोन-तीन फास्टनर आवळताना जरा सैल फिरले त्यांना तशीच परवानगी दिली नाही. त्यांच्या अँगलला ५० किलोची सिमेंटची गोणी दोरखंडाने टांगून ठेवली रात्रभर, खाली कोणी जायचं नाही असं आईला सांगून. रोजच्या वजनाच्या तिप्पट झालं. सकाळी हलला असेल तर नवीन भोक.

२१ मे, बुधवार

रात्री वळवाचा जोरदार पाऊस. एक फास्टनर दोन मिमी खाली आला होता, तो सोडून शेजारी नवीन मारला, बाकीचे जागेवर. पॅसेजचा स्लॅब कोरडा, वरची दुरुस्ती टिकली.

२४ मे, शनिवार

सांगाडा पूर्ण. भिंतीला पेरिमीटर चॅनल, स्क्रू दोन-दोन फुटांवर. इंटरमीडिएट अँगलला बोल्टने, त्याच्या खाली आडवे सिलिंग सेक्शन दीड-दीड फुटावर, कनेक्टिंग क्लिपने. ४५७ हा आकडा का ते खाली झोपून वर बघताना कळलं, सहा फुटी शीटचे बरोब्बर चार भाग पडतात, म्हणजे शीटची दोन्ही टोकं आपोआप सेक्शनच्या मधोमध येतात. दीड फूट म्हणून अंदाजाने टाकलं आणि एक सेक्शन दोन इंच सरकला तर शीटचं टोक हवेत राहतं, मग तिथे तुकडा जोडत बसा.

ट्रॅपडोअरच्या चारी बाजूंनी जादा सेक्शन. एसीचा ड्रेन पाइप स्वतंत्र क्लॅम्पने स्लॅबला, सांगाड्यावर टाकलेला नाही. वायरिंगचे पाइपही तसेच. इलेक्ट्रिशियनला हे पटवायला जरा वेळ लागला, त्याचं म्हणणं पाइपला वजन कितीसं, पण एकदा सांगाडा म्हणजे फळी असं ठरलं की पुढचा माणूस त्यावर स्टॅबिलायझरही ठेवतो.

बंद करण्याआधी प्रत्येक चार फुटांचा फोटो टेप लावून काढलाय.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून आला, आजच जाहीर झालं, ११ जूनच्या ऐवजी २६ मे. १९५० पासून इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. आमचा बोर्ड नेमका आज चढणार होता. खिडक्या लावून घेतल्या आणि चढवला.

शीटची लांब बाजू सेक्शनला आडवी, शेजारच्या ओळीचे टोकाचे जॉइंट एका रेषेत न येता मागे-पुढे, विटांच्या भिंतीसारखे. २५ मिमीचे ड्रायवॉल स्क्रू, नऊ इंचांवर, शीटच्या मधून सुरुवात करून कडेकडे. कडेपासून दहा-पंधरा मिमी आत. स्क्रूचं डोकं कागदाच्या पातळीपेक्षा किंचित आत दबलं पाहिजे पण कागद फाटता कामा नये, कारण स्क्रूला धरून ठेवतो तो कागदच, आतला जिप्सम नाही. कागद फाटला की तो स्क्रू गेला, त्याच्या बाजूला दोन इंचांवर दुसरा. एक मुलगा मशीन फुल स्पीडवर चालवत होता, मामांनी क्लच कमी करून दिला आणि पहिले वीस स्क्रू शेजारी उभं राहून मारून घेतले. ते बघताना मला फार बरं वाटलं, असं शिकवणारी माणसं कामावर असली पाहिजेत.

३१ मे, शनिवार

जॉइंट. बऱ्याच ठिकाणी फटीत पीओपी भरतात, वर कापडाची पट्टी चिकटवतात, पहिल्या उन्हाळ्यात सगळे जॉइंट मोजता येतात. आम्ही जॉइंट कंपाउंड, त्यात पेपर टेप दाबून, त्यावर दोन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या असतात, त्या खळग्यात टेप आणि कंपाउंड बसून वर सपाट होतं. कापलेल्या कडेला तो उतार नसतो, तिथे हात जास्त रुंद पसरवावा लागतो.

हवा इतकी दमट आहे की एक हात वाळायला एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागतोय. पेंटर रोज फोन करतो, येऊ का. नको. हाताला गार लागतंय म्हणजे आत ओल आहे, त्यावर प्रायमर मारला तर पापुद्रे येतील. पेडेस्टल पंखा लावून ठेवलाय.

८ जून, रविवार

प्रायमर आणि दोन हात झाले. लाइटचे कटआउट काल काढले, एकही सेक्शनवर आला नाही. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून अख्ख्या सिलिंगवर तिरका उजेड मारून बघितला, खिडकीजवळच्या एका जॉइंटला हलका फुगवटा दिसला, तो उद्या घासून पुन्हा हात मारतील. बाकी सपाट. पंखा फुल स्पीडवर तासभर चालवला, रॉडच्या भोकाशी बोट ठेवून बघितलं, बोर्डाला थरथर नाही.

मामांचा हिशोब ११५ च्याच भावाने झाला, फास्टनर लांबीचे घेतले त्याचे थोडे जास्त, ते आनंदाने दिले.

बेडरूमचं सिलिंग आता नाही. तिथे बाहेरच्या भिंतीला ओल येते का हे हा पाऊस संपेपर्यंत बघायचं आणि ऑक्टोबरमध्ये आधी हातोडी फिरवून मग ठरवायचं, मामांना तारीख विचारून ठेवली आहे.